वडाप बंद करू नका, कायद्यात घ्या: गारगोटी रोडवरून रोज कोल्हापूरला येणाऱ्याचं मत

भुदरगडकर

वडापवर, म्हणजे जीप-ट्रॅक्समध्ये माणशी पैसे घेऊन चालणाऱ्या खासगी वाहतुकीवर, कारवाई सुरू झाली की पेपरातला मथळा ठरलेला असतो, 'अवैध प्रवासी वाहतुकीला चाप'. चार दिवस नाक्यावर गाड्या अडवतात, पावत्या फाडतात. आठवडा सरायच्या आत त्याच गाड्या त्याच झाडाखाली त्याच आरोळीवर भरायला लागतात, 'एक शीट, चला एक शीट, बिद्री, मुदाळतिट्टा, गारगोटी!' मी शाळेत होतो तेव्हापासून हेच बघतोय. म्हणून माझं मत मांडतो, ज्यांना पटणार नाही त्यांनी जरूर खोडून काढावं. वडापला कायद्यात घ्या. मार्ग ठरवून द्या, दराचा तक्ता काचेवर लावायला लावा, माणसं मोजून बसवा, प्रवाशाचा विमा सक्तीचा करा.

आज घोडं कुठं अडलंय ते सांगतो. या जीप, ट्रॅक्स, मॅक्सिकॅबना परवाना असतो तो कंत्राटी. एका पार्टीनं अख्खी गाडी ठरवायची, जोतिबाला नाहीतर लग्नाला जायचं आणि परत यायचं. वाटेत माणसं चढवत-उतरवत माणशी पैसे घेतले की ती टप्पा वाहतूक झाली, आणि तो हक्क एसटीचा. त्यामुळं गाडीची सगळी कागदं नीट असली तरी स्टँडच्या बाहेर पहिला प्रवासी बसला की गाडी बेकायदा ठरते. अशा गाडीला अपघात झाला तर परवान्याची अट मोडली म्हणून विमा कंपनी वाद घालते आणि घरच्यांच्या नशिबी कोर्टाच्या पायऱ्या येतात. दर तर ड्रायव्हरच्या तोंडावर. पाऊस लागला, बाजार असला, आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला अमावस्येची गर्दी असली की दर बदलला.

एवढं असून लोक बसतात, कारण गाडी समोर उभी असते. एसटीच्या भाड्याचा टप्पा ६ किलोमीटरचा. दोन किलोमीटरवर वस्तीला उतरणाऱ्यालाही पूर्ण टप्प्याचं तिकीट पडतं, वडापवाला तेवढ्या अंतराचेच पैसे घेतो. बाजाराचं गाठोडं, खताची पिशवी, शेळीचं करडू, काही नाही म्हणत नाही. ऊस सुरू झाला की बिद्रीच्या साखर कारखान्याच्या अलीकडं दोन-दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरांची रांग लागते आणि वेळापत्रक कागदावरच राहतं. त्या वेळी वाटेत उभ्या राहिलेल्या माणसाला पुढची एसटी कधी येणार हे सांगायला कुणी नसतं. वडाप मात्र पाच-दहा मिनिटांत येतंच.

गरज आहे म्हणून ही व्यवस्था उभी राहिली, कुणाच्या मेहेरबानीनं नाही. तिला रीतीत बसवा, एवढंच मागणं आहे.

जुना वेबिल

भुदरगडकर, तुमचं पूर्ण वाचलं. मी एसटीत कंडक्टर म्हणून नोकरी संपवली. तुम्ही बाहेरून बघितलं, मी गाडीच्या आतून बघितलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी फलाटाला साडेनऊला लागणार असेल तर नऊ वीसला वडाप गेटवर हजर. नुसतं हजर नाही, 'साडेनऊची रद्द झालीया, आता थेट अकराला' असं बिनदिक्कत खोटं सांगून माणसं नेणार. आम्ही गाडी बाहेर काढली की रस्त्यावर उरलेले कोण? कॉलेजचे पासवाले, पंचाहत्तरीच्या पुढचे आजी-आजोबा, दिव्यांग सवलतवाले. त्यांना घेऊन जाण्यात मला अभिमान होता आणि आहे, एसटी त्यांच्यासाठीच आहे. पण पूर्ण तिकिटाचा माणूस वडापमध्ये आणि सवलतीचा माणूस एसटीत अशी वाटणी झाली की वेबिलावर, म्हणजे कंडक्टरच्या फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, आकडा काय दिसणार? सवलतीचे पैसे सरकार महामंडळाला देतं, हे खरं. ते कधी आणि किती वेळेवर मिळतात यावरच पगाराची तारीख अवलंबून असायची.

डेपोत हिशेब किलोमीटरमागं बघतात. अमुक फेरीचं किलोमीटरमागं उत्पन्न घसरलं की वर्षभरात ती फेरी कमी होते. फेरी कमी झाली की लोक म्हणतात, एसटी वेळेवर नाही, वडापच बरं. मग पुढची फेरी घसरते. सकाळी आणि संध्याकाळी जी मलई असते तिच्यावर दुपारच्या रिकाम्या फेऱ्या आणि रात्रीच्या मुक्कामी गाड्या चालतात. ती मलई तुम्ही कायद्यानंच दुसऱ्याला द्यायची म्हणता, तर मुक्कामी गाडी कशावर चालवायची?

मुक्कामी गाडी काय असते हे शहरातल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. रात्री शेवटची फेरी करून गाडी गावातच राहते. ड्रायव्हर-कंडक्टर ग्रामपंचायतीच्या खोलीत नाहीतर देवळात झोपतात. पहाटे तीच गाडी निघते. पहिल्या बाकावर दवाखान्याला निघालेली बाई, मागं भाजीच्या पाट्या, दारात दुधाचे कॅन, सातच्या शाळेची पोरं. भुदरगडच्या वाड्या-वस्त्यांवर मी अनेक रात्री असा राहिलोय. गाव जेवायला वाढायचं. कोणत्या वडापवाल्यानं कुठल्या गावात पहाटेच्या पहिल्या फेरीसाठी मुक्काम केलाय, ते मला दाखवा.

आणखी एक. एसटीच्या तिकिटात २०१६ पासून एक रुपया अपघात सहाय्यता निधीचा असतो. दुर्दैवानं प्रवासी गेला तर वारसांना १० लाखांपर्यंत मदत मिळते. तो एक रुपया मी रोज शेकडो हातांतून घेतला आणि त्याचा अर्थ विचारणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगितला. परवाना दिला म्हणून वडापमध्ये हे आपोआप येत नाही.

भुदरगडकर

मास्तर, मुक्कामी गाडीबद्दल तुम्ही लिहिलंत त्यातला शब्द न् शब्द मान्य. आमच्या गावात ती गाडी होती, तिच्यामुळं आमच्या पिढीतल्या पोरी शिकल्या. पण तुमचा हिशेब असं धरून चालतो की वडाप हटलं तर तो माणूस एसटीत येईल. गाडी नसेल तर येणार कुठून? तो जुनी मोटारसायकल घेतो, आणि तो प्रवासी मग वडापलाही मिळत नाही आणि एसटीलाही.

तिट्ट्यावरची

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मुदाळतिट्ट्यावरून कोल्हापूरला येते. दोघांचंही वाचलं आणि दोघांनाही एका गोष्टीची आठवण करून द्यायची आहे. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत पूर्ण मिटला नव्हता. मी तेव्हा शाळेत होते. एसटी राज्य सरकारात विलीन करण्याच्या मागणीवर मी काही बोलणार नाही, कर्मचाऱ्यांची हलाखी खरी होती. पण त्या महिन्यांत आमची शाळा फक्त वडापमुळं चालू राहिली.

आणि त्याच महिन्यांत मी पहिल्यांदा पप्पांना पैशांवरून माझ्या शाळेबद्दल बोलताना ऐकलं. एसटीत मुलींना बारावीपर्यंत शाळेचा पास मोफत असतो. वडापमध्ये पास नाही, सवलत नाही, जाताना पूर्ण आणि येताना पूर्ण. दर तर नेहमीपेक्षा वर गेला होता. माझ्या वर्गातल्या काही मुली त्या वर्षी घरी बसल्या, त्यांतल्या दोघींची लग्नं झाली. म्हणून वडापनं वाचवलं हेही खरं आणि वडापच्या दरानं काहींना घरी बसवलं हेही खरं. भुदरगडकर दादा, तुमच्या परवान्यात विद्यार्थ्यांचा पास आहे का? नसेल तर तो परवाना माझ्यासारखीच्या उपयोगाचा नाही.

भुदरगडकर

ताई, मुद्दा एकदम बरोबर आहे आणि माझ्या पहिल्या मजकुरात तो यायला हवा होता. सवलतीचे पैसे सरकार एसटीला देतं तसे परवानाधारकाला दिले तर पास वडापमध्येही चालू शकतो. आणि संपाचा विषय काढलात म्हणून एक आठवण. त्या नोव्हेंबरात सरकारनंच खासगी बस, स्कूल बस, अगदी मालवाहू गाड्यांनाही प्रवासी न्यायला तात्पुरती मुभा दिली होती. अडचणीच्या वेळी जी गोष्ट एका आदेशानं कायदेशीर होऊ शकते, ती अटी घालून कायमची का होऊ नये?

जुना वेबिल

कारण संपात दिलेली मुभा ही संप मोडण्यासाठी होती. त्या आदेशाला सोयीचं नाव देऊ नका, आमच्या माणसांनी त्या काळात फार सोसलंय.

रात्रपाळी

मी नर्स आहे. ड्युटी कधी रात्री नऊला सुटते, कधी सकाळी आठला. तुमची चर्चा पैशांची आणि परवान्याची चाललीय, मला बसण्याच्या जागेबद्दल बोलायचंय.

ट्रॅक्समध्ये तिघांच्या बाकावर चौघं आणि पाचवा अर्धा. पुढं ड्रायव्हरच्या शेजारी दोघं, त्यातल्या एकाचे पाय गिअरच्या दांडीच्या अलीकडं-पलीकडं. तिथं बाई बसली असेल तर प्रत्येक गिअरला ड्रायव्हरचा हात तिच्या गुडघ्याजवळून जातो. मी असं बसलेय, अंग चोरून, पर्स मांडीवर आडवी धरून. ड्रायव्हर बिचारा सज्जन होता, रस्त्यावरून नजर काढली नाही. तरी ते अर्ध्या तासाचं अंग चोरणं मी विसरत नाही. मागच्या बाकावर असताना शेजारचा माणूस सज्जन नव्हता, तेव्हा कुणाला सांगणार? गाडीत कंडक्टर नाही. वाटेत उतरावं तर अंधार आणि दोन्ही बाजूला ऊस.

एसटीत किंवा शहरातल्या बसमध्ये दिवा असतो, कंडक्टर असतो, गाडीवर नंबर आणि डेपोचं नाव असतं. दाराजवळच्या बाकावर बाई बसली तर कंडक्टर आपणहून माणसं मागं सरकवतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि आमच्या मार्गावरच्या बहुतेक जणी वडाप सोडून एसटीत आल्या. स्टँडवरची गर्दी बघा, निम्म्याहून जास्त बायका दिसतील. पैसे वाचतात हे कारण आहेच. पण मैत्रिणींशी बोलल्यावर कळतं की नवऱ्याला किंवा सासूला पटेल असं कारण मिळालं म्हणून आल्या, मनातून त्यांना एसटीच हवी होती.

तेव्हा भुदरगडकर, परवान्याआधी बाकावर माणसं किती हे ठरवा. आणि ते रस्त्यावर मोजणार कोण, हेही लिहा.

तीनचाकी

नमस्कार मंडळी. मी रिक्षावाला, वडील बी रिक्षाच चालवायचे. ताईंचं बरोबर हाय, पर रिक्षाचा इषय कुणीच काढंना म्हणून लिहितो.

परवाना आमचा, बॅज आमचा, दरवर्षी विमा आमचा, पासिंग आमचं, मीटर तपासून घ्यायचं ते बी आमीच. तीन शीटं बसवायची, चौथं बसवलं की पावती. आणि हे वडापवाले गारगोटी, राधानगरी, गगनबावड्याचं शीट घेऊन येणार, ते रंकाळ्याला उतरवलं की तिथनं गंगावेश, शिवाजी चौक, सीपीआरचा सरकारी दवाखाना अशी शहरातली माणसं भरत फिरणार. माझं गिऱ्हाईक माझ्या डोळ्यांदेखत जातंय. तुमचा परवाना झाला की त्यांना हे रान मोकळंच.

कोल्हापूरची रिक्षा बघायला बाहेरची माणसं थांबत्यात. रिक्षा सुंदरीची स्पर्धा असती आमच्यात, रेक्झिन, आरसे, नक्षी, सगळं हौसेनं करतोय. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, बस बंद, पेट्रोलला रांगा. तवा पाणी जिथवर नव्हतं तिथवर आमच्या स्टॉपच्या रिक्षा माणसं नि भांडीकुंडी निवाऱ्याला सोडत होत्या. कुणी पैसं मागितलं न्हाईत. त्यामुळं रिक्षावाला म्हंजे लुटारू असं कुणी इथं लिहू नये ही विनंती.

माझी मागणी एकच. वडाप शहराच्या वेशीवर थांबवा. तिथनं पुढं आमाला शेअर रिक्षाचं मार्ग ठरवून द्या, कळंबा ते शिवाजी चौक, फुलेवाडी ते गंगावेश. माणशी दर लावा. मीटरचं रोजचं भांडण बी मिटंल.

रात्रपाळी

मामा, महापुरात तुम्ही लोकांनी जे केलं ते मी दवाखान्यातून पाहिलंय, त्याबद्दल दुमत नाही. मीटरचं भांडण मात्र तुम्ही जरा हलकं करून सांगताय. पहिल्या दीड किलोमीटरला किमान भाडं आणि पुढं किलोमीटरप्रमाणं, हे ठरलेलं आहे. रात्री नऊनंतर बाईमाणूस एकटी उभी दिसली की तोंडी आकडा सांगितला जातो आणि मीटर झाकलेला राहतो. हे मी एकटी म्हणत नाही, आमच्या वॉर्डात कुणालाही विचारा. शेअर रिक्षाला माझा पाठिंबा आहे, रात्री अकरापर्यंत चालणार असेल तर.

तीनचाकी

ताई, असं करणारे हायत, मी नाकारत न्हाई. आमच्या स्टॉपवर तसं कुणी केलं तर आमीच त्येला बाजूला घेतो. रात्री अकराचं मी लिहून देतो, माझ्यापुरतं.

दुचाकी बरी

एवढी चर्चा करण्यापेक्षा माणसानं हप्त्यावर गाडी घ्यावी. मी शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला आहे, पाळी बदलती असते. कुठल्याच बसची वेळ माझ्या पाळीला जुळत नाही. बाईकनं वीस मिनिटांत पोचतो. सार्वजनिक वाहतूक म्हातारे आणि विद्यार्थी यांच्यासाठी असावी, कामकरी माणसाला ती परवडत नाही कारण त्याचा वेळ जातो.

पाचगावकर

दादा, तुमच्या वेळेचं पटतं, बाकीचं नाही. माझ्या आईचे दोन्ही गुडघे गेलेत. तिला बाईकवर मागं बसवणं म्हणजे तिच्या जिवाशी खेळ. एसटीची पहिली पायरी तिला चढवत नाही, रिक्षा रोज परवडत नाही. गावात येणारी केएमटी, म्हणजे कोल्हापूर महापालिकेची बस थांब्याच्या कट्ट्याला अगदी चिकटून उभी केली की मात्र ती एका हातानं दांडा धरून एकटी चढते. आमच्या मार्गावरचा एक चालक तिला लांबून ओळखतो आणि न सांगता तशी गाडी लावतो. तेवढ्यावर तिचा आठवड्यातून एकदा अंबाबाईला जाण्याचा नेम टिकलाय. त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते तुमच्या वीस मिनिटांत बसत नाही.

नववी गल्ली

राजारामपुरीतून लिहितोय. केएमटीचा विषय निघालाच आहे तर मुळाशी जाऊ. एसटी राज्याची, केएमटी महापालिकेची, रेल्वे केंद्राची. प्रवासी मात्र एकच. गारगोटीहून आलेल्या माणसाला शिरोली एमआयडीसीत जायचं असेल तर एसटीचा पास वेगळा आणि केएमटीचा वेगळा, एकाचा दुसऱ्यात चालत नाही. एसटी दहा मिनिटं उशिरा आली तर केएमटी निघून गेलेली. मध्यवर्ती स्टँड आणि रेल्वे स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, पण दोन पिशव्या आणि एक लहान पोर बरोबर असेल तर तेही अंतर फार होतं. माझ्या मते पहिली मागणी एका पासची हवी. वडाप, रिक्षा हे नंतरचं.

केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेतून कोल्हापूरला १०० गाड्या मंजूर झाल्या. गाड्या वाढल्या तरी त्या कुठं फिरवायच्या हे ठरलं नाही तर त्या शिवाजी चौक आणि स्टँड याच पट्ट्यात एकामागं एक उभ्या राहतील.

एक कडू गोष्ट पण लिहितो. हद्दवाढीला, म्हणजे महापालिकेच्या हद्दीत यायला, आजूबाजूची गावं विरोध करतात, घरफाळा शहराला भरत नाहीत आणि बस मात्र शहराच्या तिजोरीतून हवी. ज्या गावांना शहरात यायचं नाही त्यांनी केएमटीचा तोटा वाटून घ्यावा. माझ्या गल्लीतल्या माणसाच्या करातून पाचगावची फेरी का चालावी?

पाचगावकर

कारण ती फेरी रिकामी येत नाही. सकाळच्या बसमधून उतरतात त्या तुमच्या गल्लीतल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या मावश्या, महाद्वार रोडच्या दुकानांतली पोरं, तुमच्या मुलांना शिकवणारे शिक्षक. पगार त्यांना शहरात मिळतो आणि खर्चही ते शहरातच करतात. दसऱ्याची खरेदी आम्ही पाचगावात करत नाही. हद्दवाढीवर गावात दोन मतं आहेत, माझं स्वतःचं बाजूनं आहे. पण 'हद्दीत या नाहीतर बस बंद' ही भाषा जेव्हा जेव्हा होते, तेव्हा बाजूची माणसंसुद्धा विरोधात जातात. बस बंद झाली तर माझी आई घरात बसेल, ग्रामपंचायतीच्या सदस्याला त्याचा काडीचा फरक पडणार नाही, त्याच्याकडं चारचाकी आहे.

नववी गल्ली

बस बंद करा असं मी लिहिलेलं नाही. तोटा वाटून घ्या असं लिहिलंय. ग्रामपंचायतीनं, जिल्हा परिषदेनं काही हिस्सा उचलावा, यात तुमच्या आईचा अपमान नाही.

पाचगावकर

हिस्सा उचलायला आमच्या गावाची हरकत नसेल असं मला वाटतं. ग्रामसभेत विषय मांडतो. पण फेऱ्या किती आणि कोणत्या वेळेला, हे लिहून मिळालं पाहिजे.

रुकडी स्टेशन

सगळे रस्त्यावरच अडकलेत. मिरज ते कोल्हापूर रेल्वे १८९१ पासून आहे, शाहू महाराजांच्या संस्थानातली. मिरज, जयसिंगपूर, निमशिरगाव, हातकणंगले, रुकडी, वळिवडे असं येत गाडी कोल्हापूरच्या शाहू टर्मिनसला लागते. महिन्याचा पास काढला की वडापच्या आठवड्याच्या खर्चात महिना निघतो. बसायला जागा, हवा, संडास, आणि उसाच्या ट्रॅक्टरची भानगड नाही.

त्रास एवढाच की रूळ एकेरी आहे. समोरून लांब पल्ल्याची गाडी येणार असेल तर आमची डेमू (डिझेलची लोकल) हातकणंगल्याला बाजूला उभी. कोल्हापूर-पुणे वंदे भारत २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झाली, आनंदच आहे. पण कामावर जाणाऱ्यासाठी सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ या वेळात दर तासाला एक लोकल मिरजेपर्यंत सोडली तर सांगली-कोल्हापूर रस्त्यावरचं निम्मं वडाप आपोआप कमी होईल. कुणावर कारवाई करायला लागणार नाही. आमच्याकडं रूळ आहे म्हणून आम्ही भाग्यवान. भुदरगड, राधानगरी, गगनबावड्याला तोही नाही. कोकणात उतरणारा कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेमार्ग मंजूर होऊन वर्षं लोटली, अजून त्या रुळावर गाडी धावायची आहे. त्यामुळं तिकडच्या लोकांचं वडापशिवाय भागत नाही हे मला समजतं, आणि मास्तरांनी त्यांच्या बाबतीत एवढं कडक होऊ नये असं वाटतं.

जुना वेबिल

मी कडक होत नाही, दादा. मी तीच माणसं रोज वाहिलीत. सुट्टे नसले की तिकिटाच्या मागं बाकी लिहून द्यायचो आणि दुसऱ्या दिवशी म्हातारी ते तिकीट पदराच्या गाठीतून काढून दाखवायची, तिचे पैसे मी द्यायचो. एवढा विश्वास ज्या व्यवस्थेवर होता ती कुणाच्या धंद्यासाठी मोडू नये, याची तळमळ आहे.

भुदरगडकर

मास्तर, ती तळमळ पोचली. मी निवेदनाचा मसुदा करतोय. प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, त्यांच्याकडं द्यायचं. आतापर्यंतच्या चर्चेतून जे घेतलं ते सांगतो. ज्या मार्गावर एसटीच्या दोन फेऱ्यांमध्ये मोठा खंड पडतो तिथंच वडापला परवाना. एसटीच्या वेळेआधी ठरावीक मिनिटं स्टँडच्या गेटपासून लांब थांबायचं. कंपनीनं दिली तेवढीच सीट, पुढं ड्रायव्हरशेजारी एकच माणूस. काचेवर दर, गाडीवर मोठ्या अक्षरात मार्ग. विद्यार्थ्यांचा पास, त्याची भरपाई सरकारनं करायची. माणसं मोजण्यासाठी रात्रपाळी ताईंच्या सूचनेवर विचार केला, गावागावातल्या थांब्यावर तक्रारीचा नंबर लिहून लावायचा आणि दोन तक्रारींनंतर परवाना थांबवायचा.

मास्तर, आता तुमची सही मिळेल का?

जुना वेबिल

एक अट राहिली. ज्याला सकाळी नऊची माणसं हवीत त्यानं रात्री साडेआठची फेरी पण मारायची, गाडीत दोनच माणसं असली तरी. ही अट परवान्यावर छापलेली पाहिजे. ती नसेल तर हा परवाना मलई खाण्याचा परवाना आहे आणि मी विरोधात लिहून देईन.

तिट्ट्यावरची

एकट्या गाडीवाल्याला रोज रात्री रिकामं जाणं झेपणार नाही, तो परवानाच घेणार नाही आणि पुन्हा चोरून चालवेल. पाळी लावली तर? एका मार्गावर जेवढे परवाने तेवढ्यांनी रात्रीची फेरी वाटून घ्यायची. आमच्या गावात पाण्याची पाळी अशीच लागते आणि कुणी चुकवत नाही, कारण पुढचा माणूस बांधावर येऊन उभा असतो.

जुना वेबिल

पाळी चालेल, पोरी. पण पाळीची वही वडापवाल्यांच्या संघटनेकडं नको. स्टँडवरच्या वाहतूक नियंत्रकाकडं पाहिजे. गाडी गेली की तिथं नोंद, नाही गेली की तिथंच नोंद. असं असेल तर सही करतो.

भुदरगडकर

वही वाहतूक नियंत्रकाकडं, मसुद्यात घातलं. रात्रपाळी ताई, शेवटच्या फेरीची वेळ साडेआठ धरलीय, तुमची ड्युटी नऊला सुटते. सव्वानऊ करू का?

रात्रपाळी

साडेनऊ करा. नऊला चार्ज देऊन बाहेर पडेपर्यंत वीस मिनिटं जातात.

तीनचाकी

आणि शहराच्या हद्दीत नवीन शीट घ्यायचं न्हाई, ही अट कुठं हाय? ती घातल्याबिगर आमच्या स्टॉपवरच्या एकाची बी सही मिळायची न्हाई. वाचून परत लिहितो.